मुक्त पतन आणि वजनरहित अवस्था : वर्गात सुरुवात कुठून करावी?

धागालेखक : ध्रुवमत्स्य

अंतराळस्थानकातील अंतराळवीर तरंगताना का दिसतात, असे माध्यमिक शाळेच्या कोणत्याही वर्गात विचारले, तर ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसते म्हणून’ हे उत्तर बहुतेक विद्यार्थी तत्काळ देतात. ते चुकीचे आहे असे शिक्षक सांगतात, विद्यार्थी योग्य उत्तर वहीत उतरवून घेतात, आणि परीक्षा संपून काही महिने गेले की जुने उत्तर पुन्हा डोके वर काढते. याचा दोष मी विद्यार्थ्यांना देत नाही. आपण हा भाग ज्या क्रमाने शिकवतो त्या क्रमातच त्याचे मूळ आहे, असे माझे मत आहे.

प्रचलित क्रम असा आहे : आधी गुरुत्वाकर्षणाचा वैश्विक नियम, मग गुरुत्व त्वरण, मग मुक्त पतनाची उदाहरणे, मग वस्तुमान आणि वजन यांतील फरक, आणि सर्वांत शेवटी एखाद्या परिच्छेदात वजनरहित अवस्था. या संपूर्ण प्रवासात ‘मला माझे वजन जाणवते, म्हणजेच पृथ्वी मला ओढते आहे हे मला जाणवते’ ही विद्यार्थ्याची मूळ समजूत अबाधित राहते. ती समजूत कायम असेल, तर जिथे वजन जाणवत नाही तिथे ओढही नसणार, हा निष्कर्ष त्याच्या दृष्टीने पूर्णपणे तर्कशुद्ध असतो.

म्हणून सुरुवात या समजुतीपासूनच करावी. आपल्याला पृथ्वीची ओढ जाणवत नाही. जाणवतो तो आधाराचा रेटा. गुरुत्वाकर्षण शरीराच्या प्रत्येक कणावर त्याच्या वस्तुमानाच्या प्रमाणात कार्य करते, त्यामुळे केवळ तेच बल कार्यरत असेल तर सर्व कणांना सारखेच त्वरण मिळते आणि शरीराचा एक भाग दुसऱ्या भागावर दाबला जात नाही. जमीन मात्र फक्त तळपायांना वर रेटते. तो रेटा पायांपासून गुडघ्यांपर्यंत, तिथून कण्यापर्यंत आणि पुढे मानेपर्यंत पोहोचवावा लागतो, आणि या वाटेवर प्रत्येक थराला आपल्या वरच्या साऱ्या थरांना पेलावे लागते. या दाबालाच आपण वजनाची जाणीव म्हणतो. आधार काढून घेतला की दाब नाहीसा होतो, ओढ मात्र तशीच राहते.

हे पटवण्यासाठी मी अंतराळाचा उल्लेख मुद्दाम उशिरा करतो आणि तळाजवळ भोक पाडलेल्या प्लास्टिकच्या बाटलीपासून सुरुवात करतो. बाटलीत पाणी भरून भोक बोटाने बंद करावे. झाकण काढलेलेच असावे, कारण झाकण लावलेले असल्यास हवेच्या दाबामुळेही धार थांबते आणि प्रयोगाचा अर्थच हरवतो. बोट काढताच धार सुरू होते. आता बाटली हातातून सोडली तर धारेचे काय होईल, याचे भाकीत प्रत्येकाने आधी वहीत लिहावे आणि मगच बाटली सोडावी. बाटली हवेत असेपर्यंत धार थांबलेली असते. भोकापाशी पाणी बाहेर ढकलले जाते ते वरच्या पाण्याच्या दाबामुळे. बाटली आणि पाणी एकाच त्वरणाने खाली येऊ लागले की पाण्याचा वरचा थर खालच्या थरावर दाब देत नाही, आणि धार थांबते.

खरी कसोटी यानंतर लागते. तीच बाटली गिरकी न देता सरळ वर फेकली, तर वर जाताना धार चालू राहील की थांबेल? वर जाताना चालू राहील, टोकाला क्षणभर थांबेल आणि खाली येताना थांबलेली असेल, असे भाकीत करणारे विद्यार्थी बरेच असतात. प्रत्यक्षात बाटली हातातून सुटताच धार थांबते आणि झेलेपर्यंत थांबलेलीच राहते. मुक्त पतन म्हणजे खाली येणे नव्हे, तर फक्त गुरुत्वाकर्षणाच्या अधीन असणे, हा या पाठाचा गाभा आहे आणि तो इथे डोळ्यांना दिसतो. २ मीटर उंचीवरून खाली पडायला सुमारे ०.६४ सेकंद लागतो, त्यामुळे मोबाइलच्या स्लो मोशन चित्रीकरणाची मदत अवश्य घ्यावी. सेकंदाला २४० चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्यात या पतनाच्या दीडशेहून अधिक चौकटी मिळतात.

अंतराळस्थानकाकडे यानंतर वळावे. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथे गुरुत्व त्वरण सुमारे ८.७ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे जमिनीवरील मूल्याच्या ८९ टक्क्यांच्या आसपास असते. ४०० किलोमीटर उंचीचा मनोरा बांधता आला आणि त्याच्या माथ्यावर वजनकाट्यावर कोणी उभे राहिले, तर जमिनीवर ५० किलोग्रॅम दाखवणारा काटा तिथे ४४ किलोग्रॅमहून थोडे अधिक दाखवेल. त्याच उंचीवरून शेजारून जाणाऱ्या स्थानकातील माणूस मात्र तरंगत असेल. दोघांची उंची सारखी आणि पृथ्वीची ओढही सारखी. फरक इतकाच की एकाच्या पायाखाली आधार आहे आणि दुसरा आपल्या यानासह पडतो आहे. ही तुलना वर्गात विस्ताराने करावी, कारण तरंगण्याचा संबंध उंचीशी नाही हे तिच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कशाने होत नाही.

हा क्रम इतरांना कसा वाटतो आणि यात कोणत्या अडचणी दिसतात, हे जाणून घेण्याची इच्छा आहे.

प्रतिसाद : त्रिज्या

क्रम पटला. मात्र एक अडचण परीक्षेच्या दृष्टीने गंभीर आहे. पाठ्यपुस्तकात वजन म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण अशी व्याख्या असते. या व्याख्येनुसार स्थानकातील अंतराळवीराचे वजन शून्य नाही, ते जमिनीवरच्या वजनाच्या ८९ टक्के आहे; आणि तरीही त्याच पुस्तकात त्या अवस्थेला वजनरहित म्हटलेले असते. हुशार विद्यार्थी नेमका इथे अडतो, आणि त्याचे अडणे योग्यच असते. त्याला काय सांगावे?

ध्रुवमत्स्य

त्रिज्या, आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मी फळ्यावर दोन स्वतंत्र राशी लिहितो आणि संपूर्ण प्रकरणभर त्या वेगळ्या ठेवतो : एक पृथ्वीची ओढ आणि दुसरी आधाराचा रेटा. वजनकाटा दुसरी राशी मोजतो. आपण स्थिर उभे असतो तेव्हा दोन्हींचे मूल्य सारखे असते, म्हणून काट्यावरून पहिली राशी कळते असे आपण धरून चालतो. स्थानकात पहिली राशी बरीच मोठी आणि दुसरी शून्य असते. वजनरहित अवस्थेचे वर्णन दुसऱ्या राशीचे आहे, एवढे स्पष्ट केले की व्याख्येतील विसंगती उरत नाही आणि परीक्षेतील उत्तरही बिघडत नाही.

दोन्ही राशी वेगळ्या होताना दाखवण्यासाठी लिफ्टचे उदाहरण आकड्यांसह करून घ्यावे. वस्तुमान ५० किलोग्रॅम आणि गुरुत्व त्वरण ९.८ धरले, तर पृथ्वीची ओढ कायम ४९० न्यूटन राहते. लिफ्ट २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वर निघाली, तर आधाराचा रेटा ५९० न्यूटन होतो आणि काटा सुमारे ६० किलोग्रॅम दाखवतो. तेवढ्याच त्वरणाने खाली निघाली, तर रेटा ३९० न्यूटन होतो आणि काटा सुमारे ४० किलोग्रॅम दाखवतो. खालच्या दिशेचे त्वरण ९.८ पर्यंत नेले की रेटा शून्य. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करत शून्यापर्यंत पोहोचावे, शिक्षकांनी ते आधी सांगू नये.

यात एक बारकावा आहे. खाली जाणाऱ्या लिफ्टमध्ये वजन कमी भासते असे सरसकट शिकवले जाते, ते बरोबर नाही. एकसमान वेगाने खाली जाताना काटा पूर्ण वजन दाखवतो, आणि खालच्या मजल्यावर थांबण्यापूर्वी वेग कमी होत असताना तर तो जास्त वजन दाखवतो. दिशा गतीची पाहायची नसून त्वरणाची पाहायची असते. बाटली वर जात असतानाही धार का थांबते, याचे उत्तरही हेच आहे.

प्रतिसाद : पूर्वक्षितिज

‘पृथ्वीची ओढ आणि केंद्रोत्सारी (केंद्रापासून बाहेर ढकलणारे) बल एकमेकांना तोलून धरतात, म्हणून उपग्रह पडत नाही’ हे स्पष्टीकरण अनेक मार्गदर्शिकांमध्ये आढळते, आणि माझ्या अनुभवात ते ‘गुरुत्वाकर्षण नसते’ या समजुतीपेक्षाही अधिक चिवट असते, कारण ते शास्त्रीय भाषेत मांडलेले असते. जमिनीवरून पाहणाऱ्या निरीक्षकाच्या दृष्टीने उपग्रहावरील बले खरोखरच तोलली गेली असती, तर न्यूटनच्या पहिल्या नियमानुसार उपग्रह सरळ रेषेत निघून गेला असता. तो वळतो, याचाच अर्थ त्याच्यावर न तोललेले बल कार्य करते आहे. यानासोबत फिरणाऱ्या संदर्भ चौकटीत, म्हणजे यानातल्या निरीक्षकाच्या दृष्टीने, केंद्रोत्सारी बलाची भाषा वापरता येते, हे खरे. पण शालेय स्तरावर संदर्भ चौकटींची ओळख झालेली नसताना ती भाषा वापरल्याने गोंधळच वाढतो.

त्याऐवजी न्यूटनच्या तोफेचा, म्हणजे उंच डोंगरावरून गोळा आडवा डागण्याचा, विचारप्रयोग संख्यांसह करावा. पृथ्वीच्या पृष्ठभागाला स्पर्श करणारी सरळ रेषा ८ किलोमीटर पुढे नेली, तर तिच्या टोकाखाली पृष्ठभाग सुमारे ५ मीटर खाली गेलेला असतो. हे पायथागोरसच्या प्रमेयाने विद्यार्थी स्वतः काढू शकतात. दुसरीकडे, कोणतीही वस्तू सोडल्यावर पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर खाली पडते. म्हणजे हवेचा अडथळा नसताना एखादा गोळा सेकंदाला जवळजवळ ८ किलोमीटर वेगाने आडवा सोडला, तर तो एका सेकंदात जेवढा खाली पडेल तेवढीच जमीन वक्रतेमुळे खाली गेलेली असेल, आणि जमिनीपासूनची त्याची उंची बदलणार नाही. ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्व त्वरण थोडे कमी असल्याने तिथला आवश्यक वेग सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर भरतो आणि एक प्रदक्षिणा सुमारे ९३ मिनिटांत पूर्ण होते.

उपग्रह पडत नाही, असे वाक्य वर्गात कधीही उच्चारू नये. तो सतत पडतो आहे आणि त्याचा आडवा वेग त्याला जमिनीला चुकवत नेतो, असे सांगावे. चंद्रही तसाच पडतो. तो पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या सुमारे ६० त्रिज्यांइतक्या अंतरावर आहे, म्हणून तिथे पृथ्वीमुळे होणारे त्वरण ३६०० पट कमी, आणि चंद्राचे एका सेकंदातले पतन जेमतेम १.४ मिलिमीटर. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’त न्यूटनने चंद्राच्या गतीची आणि जमिनीवरच्या पतनाची अशीच तुलना करून दोन्हींमागे एकच बल असल्याचे दाखवले. दहावीच्या विद्यार्थ्याला हे गणित पूर्णपणे पेलते, आणि ते केल्यानंतर त्याच्या चेहऱ्यावर जो विस्मय दिसतो त्यासाठी एक तासिका अवश्य खर्च करावी.

प्रतिसाद : उषाकिरण

पूर्वक्षितिज यांच्या मुद्द्याला एका छोट्या प्रयोगाची जोड देते. टेबलाच्या कडेवरून एक नाणे टिचकीने आडवे उडवावे आणि त्याच क्षणी दुसरे नाणे सरळ खाली पडू द्यावे. दोन्ही नाणी जमिनीवर आपटल्याचा आवाज एकदमच येतो. आडवा वेग कितीही असला तरी खाली पडण्याच्या क्रियेत त्यामुळे फरक पडत नाही, हे कानांनी कळते. विद्यार्थ्यांनी डोळे मिटून केवळ आवाज ऐकावा, त्याने निरीक्षण अधिक विश्वासार्ह होते. तोफेच्या विचारप्रयोगाआधी हे केले नाही, तर ‘वेगात असलेली वस्तू पडत नाही’ ही समजूत तशीच मागे राहते.

प्रतिसाद : निर्वात

माझा प्रश्न हवेविषयी आहे. निर्वात नळीत पीस आणि नाणे एकत्र पडतात, हे दाखवल्यावर काही विद्यार्थी ‘हवा काढली की गुरुत्वाकर्षण बदलते’ असा अर्थ लावतात. अंतराळात हवा नाही म्हणून गुरुत्वाकर्षण नाही, ही साखळी बहुधा इथेच तयार होत असावी. मग हा प्रयोग दाखवावा की टाळावा?

ध्रुवमत्स्य

दाखवावाच, पण त्याच्यासोबत चंद्रावरचे चित्रीकरण दाखवावे. अपोलो १५ मोहिमेत २ ऑगस्ट १९७१ रोजी डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभे राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले, आणि दोन्ही एकदमच जमिनीवर पोहोचली. हातोडा १.३२ किलोग्रॅमचा आणि पीस सुमारे ३० ग्रॅमचे होते. तिथे हवा नाही आणि तरी दोन्ही वस्तू पडल्या, म्हणून पडण्यासाठी हवा लागते ही कल्पना तिथेच खोडली जाते. चंद्रावरील गुरुत्व त्वरण पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश असल्याने पतन संथ दिसते. चित्रफितीतून पतनाचा काळ मोजून विद्यार्थ्यांना ते त्वरण स्वतः काढता येते.

प्रयोगाइतकाच गॅलिलिओचा युक्तिवादही वर्गात मांडावा, असा माझा आग्रह आहे. जड दगड हलक्यापेक्षा वेगाने पडतो असे गृहीत धरा आणि मग दोन्ही दगड दोरीने एकत्र बांधा. हलका दगड जडाला मागे ओढेल, म्हणून जोडी एकट्या जड दगडापेक्षा हळू पडायला हवी. पण जोडीचे एकत्रित वस्तुमान अधिक, म्हणून ती अधिक वेगाने पडायला हवी. एकाच गृहीतकातून दोन परस्परविरोधी निष्कर्ष निघतात, म्हणजे गृहीतकच चुकीचे आहे. हा युक्तिवाद १६३८ साली छापला गेला. त्याला कोणतेही साहित्य लागत नाही, आणि केवळ विचाराच्या बळावर निसर्गाविषयी काही सिद्ध करता येते याचा तो शालेय वयातील विद्यार्थ्यांना सहज कळणारा नमुना आहे.

हवेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक दक्षता सांगतो. विमानातून उडी मारणाऱ्याचे छत्री उघडण्यापूर्वीचे पडणे सर्रास मुक्त पतनाचे उदाहरण म्हणून दिले जाते. उडी मारल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन सेकंदांपुरतेच ते काहीसे खरे आहे. पोट खाली करून पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी सुमारे २०० किलोमीटरवर स्थिरावतो, तेव्हा हवेचा वरच्या दिशेचा रेटा पूर्ण वजनाइतका झालेला असतो. तो माणूस वजनरहित नाही. त्याला जमिनीऐवजी हवेचा आधार आहे.

प्रतिसाद : स्थितिस्थापक

बाटलीखेरीज आणखी दोन प्रयोग इथे नोंदवतो. पहिला, एका पेल्याच्या तळाला आतून दोन बारीक रबरी पट्ट्या अडकवून त्यांच्या टोकांना नटबोल्टचे नट बांधावेत आणि नट पेल्याच्या कडेवरून बाहेर लोंबू द्यावेत. पट्ट्या इतक्या दुर्बळ हव्यात की नटांना आत खेचणे त्यांना जमू नये. पेला उंचावरून सोडला की पडता पडताच नट आत ओढले जातात, कारण पट्टीला आता नटांचे वजन तोलावे लागत नाही. याच तत्त्वावरचे एक खेळणे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक रॉजर्स यांनी १९५५ साली आइनस्टाइन यांना त्यांच्या ७६व्या वाढदिवशी भेट दिले होते, आणि ते अगदी योग्य ठिकाणी गेले होते : छतावरून पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवणार नाही, हा विचार आइनस्टाइन यांना १९०७ साली सुचला आणि पुढे त्यातूनच व्यापक सापेक्षता सिद्धान्ताची वाट निघाली.

दुसरा प्रयोग लांब, मऊ स्प्रिंगच्या खेळण्याचा. ती वरच्या टोकाला धरून लोंबती ठेवावी आणि सोडावी. खालचे टोक काही काळ जागचे हलतच नाही. वरची वेटोळी मिटत मिटत खाली पोहोचली की मगच ते पडू लागते. स्प्रिंगचा गुरुत्वमध्य मात्र पहिल्या क्षणापासून नियमाप्रमाणे खाली येत असतो. हा प्रयोग विलक्षण असला तरी वजनरहित अवस्थेच्या पाठात तो शेवटी ठेवावा, कारण सुरुवातीला दाखवल्यास चर्चा दुसरीकडेच जाते.

प्रतिसाद : उषाकिरण

पृथ्वीवर वजनरहित अवस्था किती काळ मिळवता येते, असे विद्यार्थी हमखास विचारतात. जर्मनीतील ब्रेमेन येथील पतनमनोऱ्यात हवा काढून घेतलेल्या नळीत प्रयोगाची कुपी सुमारे ११० मीटर खाली पडते आणि ४.७ सेकंद मिळतात. कुपी तळातून वर फेकली तर हा काळ ९ सेकंदांच्या वर जातो. वर फेकल्याने काळ दुप्पट होतो, ही गोष्ट बाटलीच्या प्रयोगाशी थेट जोडता येते. विमान अन्वस्ताकार (फेकलेल्या चेंडूसारख्या कमानीच्या) मार्गाने उडवले तर एका फेरीत सुमारे २२ सेकंद मिळतात, मात्र त्याच्या आधी आणि नंतर प्रवाशांना आपल्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार सोसावा लागतो.

प्रतिसाद : त्रिज्या

वजनरहित अवस्थेत वस्तुमान कसे मोजतात, या प्रश्नाचाही समावेश व्हावा असे वाटते, कारण वस्तुमान आणि वजन यांतील फरक तिथे अपरिहार्य होतो. चीनच्या अंतराळवीर वांग यापिंग यांनी जून २०१३ मध्ये तिआनगोंग-१ या अंतराळ प्रयोगशाळेतून शालेय विद्यार्थ्यांसाठी थेट पाठ घेतला होता. त्यात सहकारी अंतराळवीराला एका ज्ञात बलाने ओढून, मिळालेल्या त्वरणावरून त्याचे वस्तुमान काढून दाखवले होते. त्याच पाठात दोरीला बांधलेला गोळा हलक्या धक्क्यानंतर लंबकासारखा झोके न घेता गोल फिरत राहतो, हेही दाखवले होते. वर्गात ही चित्रफीत दाखवताना गोळ्याला धक्का देण्याआधी ती थांबवून भाकीत विचारावे.

प्रतिसाद : पूर्वक्षितिज

वजनाचा आधार न घेता वस्तुमान मोजण्यासाठी वर्गातही साधन करता येते. करवतीचे लवचिक पाते टेबलाच्या कडेला शिकंज्यात घट्ट धरावे, त्याचा सपाट भाग उभ्या प्रतलात ठेवावा म्हणजे ते आडवे डोलेल, आणि दात चिकटपट्टीने पूर्ण झाकावेत. मोकळ्या टोकाला नट बांधून दहा आंदोलनांचा काळ मोजावा, मग नटांची संख्या वाढवत जावे. वस्तुमान वाढले की आंदोलनकाळ वाढतो. पात्याचे स्वतःचे वस्तुमान नगण्य असेल तर चौपट वस्तुमानासाठी तो दुप्पट होतो. त्यावरून आलेख काढून ठेवावा आणि अज्ञात वस्तू बांधून तिचे वस्तुमान आलेखावरून वाचावे. आंदोलन आडवे असल्यामुळे या मोजमापात गुरुत्वाकर्षणाचा जवळजवळ काहीच वाटा नसतो, म्हणून हाच आलेख कक्षेतही उपयोगी पडेल, तिथे ताणकाटा मात्र शून्य दाखवेल. आलेख तयार झाल्यावर नटांचा भार वरून दोरीने टांगून, पात्याला तो फक्त आडवा ढकलावा लागेल अशी मांडणी करावी आणि पुन्हा काळ मोजावा. दोरी पुरेशी लांब असेल तर काळात फारसा फरक पडत नाही, आणि वजन दुसऱ्याने पेलले तरी वस्तुमान हलवायला तेवढेच जड जाते, हे विद्यार्थी स्वतः नोंदवतात.

ध्रुवमत्स्य

दोरी जितकी लांब तितके बरे, कारण आखूड दोरीवर भार लंबकासारखा मूळ जागी परतू पाहतो आणि तो परिणाम पात्याच्या लवचिकतेत मिसळतो. छताच्या हुकापर्यंत दोरी नेली, तर शालेय अचूकतेत हा परिणाम जाणवणार नाही. हा प्रयोग मूळ क्रमात लिफ्टच्या गणितानंतर आणि तोफेच्या विचारप्रयोगाआधी ठेवावा, असे सुचवतो.